पाहुण्यांनी काहीच खाल्लं नाही

गाव: मेदोश.

कुटुंबातील माणसं: दोन. देसांका, वय एकसष्ट. स्वेतोलिक, तिचा नवरा. वय विचारल्यावर तो "हिच्यापेक्षा कमी" म्हणाला. पाहणीला आलेल्या दुन्याने सदुसष्ट लिहिलं.

पीक: लाल मिरची.

पाणी:

"पाणी कुठून घेता, काकू?" दुन्याने विचारलं. राजधानीतून आलेली ही पोरगी आठवडाभर घरात राहणार होती. सोबत एक तराजू आणि एक पाटीएवढं यंत्र.

"आकाशातून," देसांका म्हणाली. "दिलं तर."

नदीवरचा पंप जळून तीन उन्हाळे झाले होते. मेदोशच्या बायका मिरच्या भाजून, सोलून, दिवसभर ढवळून जो आयवार नावाचा ठेचा करत, त्याच्या बाटलीवर अजून गावची टेकडी छापलेली असे. आत मात्र परदेशातून ट्रकने आलेल्या मिरच्या. पुढच्या उन्हाळ्यातही पाणी मिळालं नाही तर देसांकाचं शेत पडीक राहणार होतं, आणि बाकीच्यांचंही.

नवा पंप त्या गावाला मिळणार होता, ज्या गावाचं खाणं सगळ्यात वाईट. ते ठरवायला एक घर चिठ्ठी टाकून निवडायचं आणि सात दिवस त्याचा घासन्‌घास तोलायचा. चिठ्ठी देसांकाच्या नावाची निघाली.

*

सरपंच क्रस्तिवोये यांनी आधीच डोकं लढवलं होतं. त्यांनी खटपट करून पाहणी डिसेंबरात, नाताळच्या उपासाच्या दिवसांत लावून घेतली. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. मेदोशमध्ये उपास पाळणारे असे दोघेच होते, एक धर्मगुरू आणि एक दात गेलेला म्हातारा. पण कागदावर गाव धार्मिक होतं.

"देसांका," सरपंच म्हणाले, "सात दिवस घेवडा खा. गावासाठी खा. डुकराचे सॉसेज माळ्यावर टाक आणि शिडी माझ्याकडे दे."

शिडी गेली.

*

पहिला दिवस. घेवडा, पाव, आंबवलेली कोबी.

दुसरा दिवस. घेवडा. (स्वेतोलिक वारंवार छताकडे पाहतात. कारण कळले नाही.)

तिसरा दिवस. घेवडा, कांदा.

चौथा दिवस. तेच. यंत्राने पिवळा रंग दाखवला, म्हणजे "खाणे अपुरे". सरपंच कुंपणावरून डोकावून पाहून गेले आणि जाताना चक्क शीळ घालत गेले.

पाचव्या दिवशी दुन्या सकाळी अंगणात आली तर बादल्यांमध्ये मासे वळवळत होते.

"हे काय?"

"उद्या आमची स्लावा," देसांका म्हणाली. "आमच्या घराण्याच्या संताचा दिवस. निकोलाबाबांचा. ते दयाळू, त्यांचा दिवस उपासात येतो, पण मासे चालतात."

"किती मासे आहेत?"

"थोडेसेच."

थोडेसे बावीस किलो भरले.

सरपंच धावत आले. "अगं बाई, डोकं फिरलंय का तुझं? पंप आलाय दारात, आणि तू मासे तळतेस?"

"मग संताला काय सांगू? यंदा पाहणी आहे, पुढच्या वर्षी या?"

स्लावाला कुणाला बोलवावं लागत नाही, गाव आपणहून येतं, आणि सरपंचही दरवर्षी येत होते. दुन्यानेच तोडगा काढला. पत्रकात एक सोय होती: 'विशेष दिवस'. पाहुण्यांनी किती खाल्लं ते त्यांनी स्वतः सांगायचं, तेवढं वजा करायचं.

"वजा!" सरपंचांचा चेहरा खुलला. "मग करू दे किती करायचंय ते!"

*

सहावा दिवस. एकतीस पाहुणे. मेणबत्ती पेटली, धर्मगुरूंनी पाव फिरवून कापला, प्रत्येकाने शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा तोंडात घातला, आणि मग तळलेले, भाजलेले, कांद्यात शिजवलेले मासे आले. यजमानाने या दिवशी बसायचं नसतं. स्वेतोलिक सकाळपासून उभा राहून पेले भरत होता.

दुपारी चारला दुन्याने जवळपास रिकामी झालेली भांडी तोलली, माशांचे काटे तोलले, आणि यंत्र घेऊन टेबलाभोवती फिरू लागली.

"तुम्ही किती खाल्लं?"

"मी?" शेजारीण रादोयका म्हणाली. "एक घास. तोही हिला वाईट वाटू नये म्हणून."

"फादर, तुम्ही?"

"मी आज पाण्यावरच आहे, मुली."

"भूकच नव्हती." "डॉक्टरांनी बंद केलंय." "नुसता वास घेतला." "मी बसलोही नाही," असं एक बसलेला माणूस म्हणाला.

"सरपंच?"

क्रस्तिवोये यांनी ओठावरचा काटा काढला. "तोंडाला लावलं फक्त."

वजा करायला काही मिळेना. दुन्या रडवेली होऊन देसांकाकडे आली. "काकू, कुणीच काही खाल्लेलं नाही! अहो, मी स्वतः दोन तुकडे खाल्लेत, ते लिहिलेत मी."

"खोडून टाक, पोरी. लग्न व्हायचंय तुझं."

"पण तुम्ही वाढत होतात ना? कुणी किती घेतलं ते तुम्हीच सांगा. चालेल. नाहीतर सगळं तुमच्या दोघांच्या नावावर जाईल, आणि मग पंप गेला."

देसांकाला सगळं माहीत होतं. रादोयकाचे चार. फादरचे तीन आणि एक डोकं. सरपंचांचे सात. ती मोजत नव्हती, पण चाळीस वर्षं स्लावा केलेल्या बाईला दिसल्यावाचून राहत नाही. तिने तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटांत मिरच्यांना पाणी मिळालं असतं.

खालच्या आळीत एक बाई होती. सत्तावीस वर्षांपूर्वी ती एका पाहुण्याला सहज म्हणाली होती, "हा तिसरा ना तुमचा?" तेव्हापासून त्या घरात लोक फक्त मयतीला जातात. तेही दारापर्यंत.

देसांकाने टेबलाकडे पाहिलं. कुणी तरी कबूल करील म्हणून थोडं थांबली. एकतीसही जण कमालीच्या विनयाने आपापल्या ताटांकडे बघत होते. ताटांत काटे होते.

"आम्हीच खाल्लं," ती म्हणाली.

"दोघांनी? बावीस किलो?"

"भूक लागली होती."

"पण काका तर दिवसभर उभे आहेत!"

"उभ्याने जास्त जातं," स्वेतोलिक पेला भरता भरता म्हणाला.

देसांकाने सही केली. यंत्र गडद लाल झालं. दुन्याने खालच्या आवाजात वाचून दाखवलं: कुटुंब अतिसधन. सातवा दिवस मोजण्याची गरज नाही. गाव यादीतून बाद. आहार कमी करण्याबाबत मार्गदर्शक पाठवला जाईल. पंपाऐवजी, म्हणजे.

मग सरपंच उठले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"देसांका," ते म्हणाले, "एवढं खायचं असतं का गं? गावाचा तरी विचार करायचास."

परातीत एक शेपटीकडचा तुकडा उरला होता, तो देसांकाने त्यांच्या ताटात वाढला.

"नको गं, नको," सरपंच खाली बसत म्हणाले. "बरं, संतासाठी. नुसतं चाखतो."

"लिहू?" दुन्याने विचारलं.

सरपंचांनी भरल्या तोंडाने जोरजोरात मान हलवली. नाही.