मिरचीच्या दिवसांतली तबकडी

आमचे हे, म्हणजे हेमकांत, नंदुरबारात मिरचीचा व्यापार करतात, पण जीव सगळा गाण्याच्या तबकड्यांत. त्याही साध्या नकोत, थेट कोरलेल्या हव्यात. म्हणजे वादक वाजवतोय तेव्हाच सुई तबकडीवर कोरत जाते. मध्ये टेप नाही, थांबणं नाही, चूक पुसणं नाही. मी नुसतं फडकं लावलं तरी घर डोक्यावर घेतात. "एवढे लाड कधी माझे केलेत का हो?" मी विचारायचे.

यंदा मात्र मीच गप्प झाले. माझे सासरे बन्सीलाल, आमचे बापू, भजनात पेटी वाजवतात. त्यांची बोटं आखडत चालली होती. डॉक्टर म्हणाले, आता अवघडच होत जाणार. पेटी बंद पडायच्या आत ती तबकडीवर यावी, एवढंच यांना हवं होतं. यांचा सुरतेचा मित्र धर्मेंद्र कोरायचं यंत्र घेऊन आला. कोऱ्या तबकड्या दोनच होत्या, त्यातलीही एक वाटेत चरा पडून वाया गेली.

आणि मुहूर्त कुठला काढला या शहाण्यांनी? मिरच्या वाळत असतानाचा! गावभर नाकं वाहत होती. खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, मी तोंडात पदर कोंबून बसले.

बापूंनी सूर धरला. सुई टेकली आणि तबकडीतून केसासारखा काळा धागा उकलत निघाला. ती आखडलेली बोटं, देवाशपथ सांगते, अशी धावली की माझ्या अंगावर काटा आला. हे तर श्वास घ्यायचंही विसरले होते.

वाजवणं संपत आलं आणि सासूबाई, आमच्या आई, शिंकल्या. पार्वतीबाईंच्या शिंकेनं अख्खी गल्ली दचकते! बापू थांबले नाहीत, पण यांचा चेहरा पार उतरला.

"मन्हामुळे वाया गयं ना रे," आई रडवेल्या झाल्या.

"ऐकून तरी बघू," धर्मेंद्र म्हणाला. "पण एकदाच हं. ही मऊ लेपाची तबकडी वाजवली की झिजते."

लावली. भात्याचा श्वास ऐकू आला, पट्टीवर लागलेलं नखसुद्धा ऐकू आलं. खोलीत जणू दोन बापू बसले होते. मग ती शिंक. आणि शिंकेच्या पोटात, अगदी हळू, बापूंचा आवाज: "खमा."

आमच्या गुजर घरांत कुणी शिंकलं, ठेचकाळलं की म्हणतात, खमा, सुखरूप राहा. पण बापू? चारचौघांत बायकोशी धड बोलतसुद्धा नाहीत हो! आम्ही सगळे तिथंच बसलो होतो, कुणाच्याच कानावर ते पडलं नव्हतं. पेटीपाशीच माइक होता, सुईनं मात्र टिपलं होतं.

"हाई कोन बोलनं?" आईंनी विचारलं.

बापू पेटीकडे बघत राहिले. "मी. दर येळे म्हनस. तू शिंकस, तवय तुले कसं ऐकू येई?"

आई सरकत यंत्राजवळ आल्या. मग यांना म्हणाल्या, "परत लाव."

"अहो, झिजेल!" धर्मेंद्र पुढे झाला. यांनी त्याचा हात धरला. आणि ज्या माणसानं मला कधी तबकडीला बोट लावू दिलं नाही, तो डोळे पुसत म्हणाला, "नूतन, तू लाव. शिंकेपासून."