हा गुलाब आमचा नव्हे

बाथर्स्टमधल्या निम्म्या नवऱ्यांचे लग्नाचे कोट टायटस रेनरने शिवले होते. उरलेल्या निम्म्यांचे त्याने उसवून सैल केले होते, कारण लग्नानंतर माणसं फुगतात. स्वतःच्या लग्नाचा कोटही त्याने कधीचा शिवून ठेवला होता, पण तो खुंटीला इतकी वर्षं लटकला की त्याची फॅशन जाऊन पुन्हा आली. शेवटी लागोसहून डॉर्कस मावशीने एका सुताराबरोबर निरोप धाडला. पामरांच्या घरात विल्हेल्मिना नावाची मुलगी आहे, चर्चमध्ये गाते, त्या घरी मी अजून शब्द काढलेला नाही, तू मागणीच्या वस्तूंनी भरलेला तुंबा घेऊन ये म्हणजे काढते. टायटसने दुकानाला कुलूप लावलं आणि तो आगबोटीत बसला.

कोट लोकरी होता आणि हवा भाकऱ्या शेकाव्यात अशी. पण नवरदेवाने नवरदेवासारखं दिसावं, म्हणून टायटस उंच टोपी घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून कठड्याला धरून उभा राही आणि समुद्राला आपलं जेवण परत करी. गोरा कॅप्टन त्याला पाहून रोज सकाळी हळहळे, आणि खलाशी हसत.

फ्रीटाउनला केझाया थॉर्प चढली. खरं तर आधी तिचा आवाज चढला, मग चघळायच्या कडू कोलाच्या बियांनी भरलेल्या तिच्या टोपल्या, आणि सर्वांत शेवटी ती. ही विधवा बाई दरवर्षी लागोसला कोला विकायला नेई. डेकवर ताडपत्रीखालची सगळ्यात चांगली जागा आपलीच आहे असं तिने आल्या आल्या ठरवलं, आणि त्या जागेवर टायटसची पत्र्याची पेटी होती.

तिने पेटीला पायाने ढकललं, मग नाक मुरडलं.

"अहो टोपीवाले, तुमच्या पेटीत काय मेलंय?"

टायटसने अपमान गिळून आपलं नाव सांगितलं, पामरांकडे मागणीला निघालोय म्हणाला आणि पेटी उघडली. आत कापूर, कापरात कापडं, कापडांत मागणीचा कोरलेला तुंबा. तुंब्यात अंगठी, बायबल, सुया, दोरा, मिरी, सगळं जागच्या जागी होतं. फक्त कोलाच्या बिया काळ्याठिक्कर पडल्या होत्या आणि त्यांच्यातून किडे बाहेर येऊन हवा खात होते. लोकरीला कसर लागू नये म्हणून शिंपी जे करतो तेच टायटसने कोलाला केलं होतं. कडेकोट बंद करून तिच्या उशाला कापूर ठेवला होता.

केझाया ताडपत्रीचा बांबू धरून हसली. मग तिने हाका मारून कोळसेवाल्यांना बोलावलं, त्यांना पेटी दाखवली आणि पुन्हा पहिल्यापासून हसली.

"रेनर, ही कोला आहे, पाटलोण नव्हे," ती डोळे पुसत म्हणाली. "हा तुंबा पामरांपुढे ठेवला असता तर तुम्हाला त्यांनी कुत्रं सोडून हाकललं असतं."

टायटसचं तोंड एवढंसं झालं. तुंब्यात सगळं असून कोला नसली तर ती मागणीच नव्हे, हे काय त्याला माहीत नव्हतं? त्याची दशा पाहून बाईला दया आली असावी. लागोस यायच्या आत मी तुमच्या तुंब्यात माझ्या टोपल्यांतली सगळ्यात सुंदर कोला घालून देईन, असं तिने कबूल केलं. पण फुकट नाही. टोपल्या उलटायला बसायचं.

तर टायटस बसला. कोलाचं काम म्हणजे तान्ह्या बाळाचं काम. टोपली उघडायची, ओली पानं बाजूला करायची, एकेक बी हातात घेऊन किड्याचं भोक आहे का बघायचं, चांगली पुसून वाऱ्यावर धरायची, पुन्हा ताज्या पानांत गुंडाळायची. ही टोपली संपली की ती, ती संपली की पुन्हा पहिली. पहिल्या दिवशी त्याने कोट काढला. दुसऱ्या दिवशी टोपीही. तो बिया बटणांसारख्या सरळ ओळीत मांडी, आणि केझाया येता-जाता पायाने ती ओळ मोडी.

पोट ढवळतं म्हणून तिने त्याला एक बी चघळायला दिली. जरा कळ काढा, कडू गेल्यावर पाणी गोड लागतं, असंही सांगितलं. टायटस कसली कळ काढतोय! त्याने तोंड वाकडं करून बी समुद्रात थुंकली. वारा उलटा होता. खलाशांना आठवडाभर पुरेल एवढी करमणूक झाली.

पण ओकाऱ्या थांबल्या. हात कामात आणि कान तिच्या बोलण्यात गुंतले की समुद्र आहे हेच तो विसरे. ती नवऱ्याबद्दल बोले. थॉर्प सोन्यासारखा माणूस, पण त्याने उभ्या आयुष्यात माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नाही, म्हणे. टायटस तिची सगळी वाक्यं शेवटपर्यंत ऐके, आणि ती काही थोडकी नव्हती. तिच्या डब्यातला अकरा नावाचा तळलेला चवळीचा वडा आणि धुरावलेली मासळी खाता खाता त्याला मध्येच आठवे, की आपण लग्न करायला निघालो आहोत. मग तो नेटाने विल्हेल्मिनाचा चेहरा डोळ्यांपुढे आणू बघे. मुलगी त्याने कधी पाहिलेली नव्हती, त्यामुळे तिथे केझायाचाच चेहरा येऊन बसे, आणि तो हसत असे. टायटस घाबरला. लागोस आलं नाही तर बरं, असं मागणीला निघालेल्या माणसाला वाटू लागणं हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

अक्रा मागे पडलं तेव्हा केझायाने सहज विचारलं, की पामरांच्या दारात तुमच्या बाजूने बोलणार कोण? खरं तर नवरदेवाने घरी बसायचं असतं, बोलायचं नातेवाइकांनी. टायटसचे नातेवाईक म्हणजे डॉर्कस मावशी, आणि घसा बसल्यापासून तिचं बोलणं शेजारच्यालाही जेमतेम ऐकू येई.

"मग तुमचं कल्याणच," केझाया म्हणाली. "ते आतून भलतीसलतीला पाठवतील आणि तुम्ही लाजून तिलाच घेऊन याल. मी येते तुमच्या बाजूने बोलायला. पण तुमच्या घरचं दुसरं कुणी नाही, तेव्हा नकार तुम्हाला स्वतःला देता आला पाहिजे. उद्या तालीम."

आमच्याकडे मागणीत हीच तर मजा. नवऱ्याकडचे म्हणतात, तुमच्या बागेत एक गुलाब पाहिला, तो न्यायला आलो. मुलीकडचे एकदम खरा गुलाब कशाला काढतील? आधी शेजारीण, मग कुणी दात पडलेली आजी. दरवेळी मान लववून म्हणायचं, गुलाब सुंदर आहे, पण हा गुलाब आमचा नव्हे, आणि तिच्या हातावर काहीतरी ठेवायचं. मग खरी येते.

सकाळी केझायाने वचन पाळलं. टोपल्या धुंडाळून निवडलेल्या बिया तिने तुंब्यात घातल्या, वर ओलं पान झाकलं.

"तालमीत आतल्या कोलाला हात लावायचा नाही," तिने बजावलं. "चारचौघांत ही फुटली की शब्द दिला गेला. माझ्या हातची कोला थट्टेत फुटत नाही."

बोटीवरच्या क्रू जमातीच्या खलाशांचा म्होरक्या निमली मुलीचा बाप झाला. गोऱ्यांनी त्याचं नाव पी-सूप, म्हणजे वाटाण्याचं कालवण, ठेवलं होतं, पण आज तो पामर होता आणि त्या तोऱ्यातच दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. इथे कसली बाग, इथे कोळसा आहे, म्हणून त्याने आधी टायटसला दोनदा परत पाठवलं. मग पहिला गुलाब आला, तो दाढीवाला आचारी, डोक्याला रुमाल बांधून. टायटसने मान लववली, गुलाब सुंदर आहे पण आमचा नव्हे, म्हणून त्याच्या हातावर बिस्किट ठेवलं. दुसरा गुलाब अक्र्याला बोटीत चढलेली मासेवाली. तिने तर लाडात येऊन त्याचा कानच धरला. टायटसने तिलाही ठणठणीत नकार दिला. लोक खूश झाले, आणि टायटसही. आपल्याला बोलता येतं हे त्याला नव्यानेच कळत होतं.

"आता मी," केझाया म्हणाली. "पामरांकडे एखादी विधवा आत्या असणारच, आणि शेवटी तीच येते." तिने शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि ठुमकत येऊन उभी राहिली.

"हाच का तुमचा गुलाब?" निमलीने विचारलं.

टायटसने मान लववली. "गुलाब सुंदर आहे," तो म्हणाला. आणि तिथेच घोडं अडलं.

शालीतून कुजबूज आली. "पण हा गुलाब आमचा नव्हे. म्हणा की."

"येत नाही."

"आत्ताच तर दोनदा म्हणालात."

"त्यांना म्हणालो. तुम्हाला म्हणता येत नाही."

सगळे हसले. मग टायटसकडे पाहून एकेकाचं हसू विरलं. तो तुंबा छातीशी घट्ट धरून उभा होता. केझायाने शाल मागे टाकली.

"रेनर, माझी मुलगी लग्नाची झालीय. मी वर्षातले निम्मे दिवस समुद्रावर असते. माझ्यात गुलाबाचं काय आहे?"

"गुलाबातलं मला कळत नाही," टायटस म्हणाला. "मी कधी ठेवला नाही. कोला कशी ठेवायची तेवढं तुम्ही शिकवलंत. बंद करून ठेवायची नाही. रोज उघडून वाऱ्यावर धरायची, आणि शेजारी बसायचं. मी इतकी वर्षं पेटीत होतो हो."

केझायाने लागोसच्या दिशेला पाहिलं. तिलाही लागोस नको होतं. कधीपासून, हे तिने पुढेही कुणाला सांगितलं नाही.

"डॉर्कस मावशीला कोण तोंड देणार?" तिने विचारलं.

"माझ्या बाजूने बोलायला तुम्ही येणार होतात."

मग तिने तुंब्यावरचं पान उचललं. एक बी घेतली, सवयीने उन्हात धरून भोक आहे का पाहिलं, आणि सगळ्यांसमोर नखाने तिच्या दोन फाका केल्या. एक स्वतःच्या तोंडात टाकली, दुसरी त्याच्या हातावर ठेवली. निमली दोरखंडावरून उठून उभा राहिला.

टायटसने फाक चावली. कडवटपणाने डोळ्यांत पाणी आलं, तोंड वाकडं झालं, पण तो थुंकला नाही. पार चोथा होईपर्यंत चघळत राहिला. केझायाने टाकीतून पेला भरून आणला. बोटीचं ते गंजकं, कोमट पाणी आचारीसुद्धा नाक धरून पीत असे. टायटसने ते सगळं प्यायलं आणि आणखी मागितलं.

"गोड आहे," तो म्हणाला.