कडीवाल्या माहेरवाशिणी

संस्थानात मोटार आली आणि पागा मोडली. घोडे विकले गेले, मोतद्दार घरी गेले, उरले ते एकटे आमचे हे. घोड्यांच्या अधिकाऱ्याचं आता करायचं काय, असा पेच कारभारीसाहेबांना पडला. लढाईचे दिवस होते. धान्य वाढवा, दूध वाढवा, असं जिकडेतिकडे चाललेलं. कुणीतरी म्हणालं, मग मासेही वाढवा. ह्यांना पोहता येतं, ही गोष्ट दरबारात सगळ्यांना ठाऊक होती. तेवढ्यावर नेमणूक झाली.

अशा रीतीने आम्ही कृष्णाकाठच्या बंगल्यात आलो, सांगलीच्या जरा वरच्या अंगाला, नदी वळसा घेते तिथे. शालू तेव्हा माझ्या मांडीवरची. अंगावर दूध पुरेसं नव्हतं, आणि त्या निमित्ताने बनुबाई भोईण आमच्या परसदारी आली. पदराखाली मरळ मासळी होती, अजून शेपूट हलवणारी.

"रस्सा पातळ करा, वैनीसाब. तिखट घालू नका, पोरीला लागंल." मग शालूकडे बघून म्हणाली, "आणि हिच्या बापाला देऊ नका. त्यास्नी दूध यायचं न्हाई."

तिची ही बोलण्याची तऱ्हा पहिल्या दिवसापासून. कुणाची भीड नाही. खोटंही पुष्कळ बोलायची. आपल्या सासऱ्याने मगरीच्या तोंडातून जाळं ओढून काढलं होतं, हे मला तिने तीनदा सांगितलं आणि दर वेळी मगर वाढत गेली. पण माहेरडोहाचं बोलताना तिच्या बोलण्यात कधी फरक पडायचा नाही.

आमच्या बंगल्याखालचा डोह तो. उन्हाळ्यात नदीचे नुसते दगड उघडे पडले की वरचा-खालचा सगळा मासा तिथे गोळा होतो. दुसऱ्या कुणी पाहिलं तर वाटावं, आता जाळं टाकावं आणि पाट्या भराव्यात. भोई तिथे पाय धुवायलाही उतरत नाहीत.

"का गं?" मी विचारलं.

"बाळातपनाला आलेल्या लेकीच्या अंगावर कुनी जाळं टाकतं का?"

त्यांची रीत अशी. भोयाच्या घरी लेक बाळंतपणाला आली की, त्या साली नदीच्या वाहत्या धारेला गाभोळीने पोट फुगलेली जी पहिली खडस मासळी सापडेल, तिच्या जाड ओठात पितळेची कडी घालायची, लेकीचं नाव ठेवायचं आणि डोहात सोडायची. ती माहेरवाशीण झाली. पुढे कधीही कुणाच्या जाळ्यात आली, तरी हात जोडून परत पाण्यात. बनुबाईची मनू पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही गेलं. कडी मात्र आधीच घालून झाली होती.

"ती हाय अजून," बनुबाई म्हणायची. "तिच्या बानं कडी वळली, तवा हात कापत हुता. वाकडी झालीया. लांबनं वळकू येती."

मी शालूला घट्ट धरून ऐकत असे.

आमच्या ह्यांनी कामाला झटून सुरुवात केली. कुठल्या लांबच्या मुलखातून रोहू-कटल्याची पिल्लं पत्र्याच्या डब्यांतून मागवली. आगगाडी, मग बैलगाडी. डबे उघडले तेव्हा निम्मी पिल्लं उताणी होती. उरलेली ह्यांनी समारंभाने डोहात सोडली. नारळ फोडला, छोटं भाषणही केलं. समोर मी, शिपाई आणि एक म्हैस. डोहातल्या मासेखाऊ शिवड्याने त्या पिल्लांचं काय केलं असेल ते म्हशीलाही कळलं असावं, कारण ती मधेच उठून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांनी वर कळवून टाकलं की डोह माशांनी भरला. खोटं नव्हतं ते. फक्त आमच्या आजोबांच्या काळापासून भरलेला होता, एवढंच. कारभारीसाहेबांनी पाहणीला येतो म्हणून सांगितलं, आणि डोहात जाळं टाकून मासा दाखवा म्हणाले.

बनुबाई धावत आली. "वैनीसाब, सायबाला सांगा. दुसरीकडं दावतो आमी मासा. डोहात नगं."

मी ह्यांना सांगितलं. हे दाढी करत होते. "अडाणी समजुती आहेत त्या," म्हणाले. मग आरशात बघत म्हणाले, "शिवाय दुसरीकडे दाखवला तर मी वाढवला कुठे असं होईल?"

कारभारीसाहेब आले. त्यांच्याबरोबर सांगलीचे लालासाहेब ठेकेदार आले. लढाईत लष्कराला बकरी पुरवून वर आलेले गृहस्थ. काठावर खुर्च्या मांडल्या. जाळं ओढायला भोईच लागतात, तेव्हा बनुबाईचा दीर केरबा आणि त्याचे भाऊबंद मान खाली घालून पाण्यात उतरले. त्यांनी शक्य तेवढं वाईट जाळं ओढलं. तरी मासा इतका की जाळं जड झालं. आणि काठावर येऊन आपटली ती हातभर लांब खडस, सोन्यासारख्या खवल्यांची. ओठात कडी. वाकडी.

बनुबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिने तोंडावर पदर दाबून धरला.

"हे काय?" कारभारीसाहेबांनी काठीने कडीकडे दाखवलं.

ह्यांनी टोपी काढून पुसायला घेतली. पागेत असताना घोडा लंगडला की हे अशीच टोपी पुसत. मासा कोरड्या वाळूवर तोंड उघडमीट करत होता. तेवढ्यात कारभारीसाहेबांचा चेहरा उजळला. विलायतेला जाऊन आलेले ते. त्यांना प्रश्नापेक्षा उत्तर जास्त आवडे.

"अच्छा, खूण! खूण करून मासा सोडायचा आणि त्याची वाढ बघायची. तिकडे हेच करतात. नानासो, हे बोलला नाहीत तुम्ही."

"आपल्या नजरेस येईलच म्हटलं," आमचे हे म्हणाले.

"साहेब, खूण केलेला मासा सुकतोय," मी मागून बोलले. बाईमाणसाने तिथे बोलायचं नसतं, पण शालू नेमकी रडायला लागली आणि सगळ्यांना वाटलं मी तिलाच काही म्हणते. केरबाला मात्र ऐकू गेलं. त्याने मनू उचलली आणि पाण्यात सोडली. बनुबाईचा पदर तोंडावरून खाली आला.

इतकं सगळं गोड झाल्यावर कारभारीसाहेबांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. नानासोंचं शास्त्रीय काम चालू राहावं, म्हणून खुणेचा मासा जो मारेल त्याला कैद. बाकीचा सगळा मासा लालासाहेबांना ठेक्याने. आठवड्याभरात डोह उपसायला हरकत नाही. आणि भोयांनी यापुढे परवान्याशिवाय नदीत उतरू नये, कारण मासा जपायचा तर त्याला भोयांपासूनच जपायला हवा.

त्या दुपारी बनुबाई आली ती मरळ न घेता. पायरीवर बसली. शालूने तिचा अंगठा धरला, तो तिने सोडवून घेतला नाही.

"मनूला न्हाई मारनार म्हनं," ती म्हणाली. "एकटीला ठिवून बाकीच्या मारनार. माहेरात एकटी लेक काय करंल, वैनीसाब?"

मी तिला हुकूम पुन्हा सांगितला, जसा ऐकला तसा. खुणेचा मासा मारायचा नाही. ती ऐकत राहिली. मग हळूच विचारलं, "खून म्हंजे कडीच नव्हं?"

"कडीच."

"कुनी घालायची, ते सांगितलंय?"

"नाही."

ती उठली, अंगठा सोडवून घेतला आणि चालू लागली.

भोईवाड्यात त्यावर भांडण झालं म्हणे. केरबा हटून बसला. "कडी लेकीची आस्ती. नराला घालू व्हय? उद्या शिवड्याला नथ घालशीला."

"घालतो," बनुबाई म्हणाली. "शिवडा सरकारी झालाय आता. त्येला मान नगं व्हय?"

"आनि डोहात उतरायचं? आपल्या हातानं?"

"जावाई न्यायला आला की लेकीला लपवाय घरात जावंच लागतंय रं."

परवान्याचे कागद अजून छापून यायचे होते, तेव्हा अडवणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे डोहावर भोई दिसू लागले. मासा धरत, कडी घालत, सोडत. गावातल्या कासाराकडची पितळी तार संपली. बायकांनी जुनी जोडवी, फुटक्या तांब्यांचे काठ, पोरांचे करगोट्याचे आकडे काढून दिले. शालूच्या कानातल्या बाळ्या तिला लहान झाल्या होत्या. त्या मी दिल्या. बनुबाईने त्या हातात घेऊन पाहिल्या.

"सोन्याच्या हायती."

"असू दे. नाव शालू ठेव."

लालासाहेब आले ते पाट्या, बर्फ आणि मोटारठेला घेऊन. जाळं ओढायला अर्थात भोईच. या वेळी मात्र त्यांनी जाळं फार सुंदर ओढलं. मासा चकाकत काठावर आला आणि प्रत्येकाच्या ओठात काही ना काही होतं. सापासारख्या लांब वामीच्या ओठात जोडवं. शिवड्याला तर खरोखरच नथ होती, कुणाची कोण जाणे. केरबा गंभीर चेहऱ्याने एकेक मासा उचलून "सरकारी, सरकारी" म्हणत पाण्यात सोडत होता. लालासाहेबांनी शेवटी एका बोटभर चिंगळीकडे बोट केलं. तिच्या शेपटीला दोरा बांधलेला होता.

ते तणतणत बंगल्यावर आले. "नानासो, हा काय चावटपणा आहे? एवढे मासे तुम्ही खुणा करून सोडलेत?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शालूला पाजत होते. मग ह्यांची छाती हळूहळू फुगली, पागेत नवा घोडा आल्यावर फुगे तशी.

"शास्त्रीय काम अर्धवट करून चालत नाही, लालासाहेब," हे म्हणाले.

लालासाहेबांचा बर्फ अंगणातच वितळला. ते पुन्हा बकऱ्यांकडे वळले.

जेवताना ह्यांनी विचारलं, "कड्या कुणी गं घातल्या?"

"तुम्हीच ना."

"हो, तेच म्हणतो मी," म्हणून हे भात कालवू लागले. माझ्या ह्यांचा स्वभाव वाईट नाही. नुसता अधिकाऱ्याचा आहे.

कारभारीसाहेब इतके खूश झाले की काठावर दगडी पाटी बसली. या डोहात मासेमारी बंद आहे आणि हे राखीव क्षेत्र नानासोंच्या दूरदृष्टीने निर्माण झालं आहे, असं तीवर कोरलं. हे बढती घेऊन दरबारात गेले. आम्ही सामान बांधलं. भोई आता धारेला जाळं टाकायचं तरी परवान्याला चार चकरा मारतात, आणि तिथे बसलेला कारकून त्यांना मासा कसा जपावा ते समजावून सांगतो.

निघायच्या दिवशी बनुबाई माझ्याबरोबर पाटीपाशी उभी राहिली. "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. वाचताना मला लाज वाटली. "तुमचं कुणाचंच नाव नाही, बनुबाई."

"बरं झालं. आसतं तर दगडाचं पैसं आमालाच मागितलं आस्तं." तिने पदराखालून मरळ काढून माझ्या हातात दिली. "तोंड बघून घ्या. बिनकडीची हाय. वाटंत पोरीला दूध पुरलं पायजे."

मग ती डोहाकडे बघत राहिली. पाणी संथ होतं. खाली काहीतरी पिवळं चमकलं आणि वळून खोल गेलं. ती मनू होती की माझी शालू, ते आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.