शेहेचाळीस मिनिटांची शर्यत

मिनिट शून्य

उदयसिंह इंगवले साहेब रुग्णवाहिकेत स्ट्रेचरवर उताणे पडले होते आणि अनुजा त्यांच्या धडधाकट उजव्या पायाला लाकडी फळी बांधत होती.

"मॅडम, मला साप चावलेला नाही."

"आज चावलाय. पाय हलवायचा नाही."

पुढच्या सीटवर आकाराम माइक फुंकून बघत होता. बैलगाडीच्या शर्यतीत त्याचा आवाज सुरू झाला की बैलांच्याही आधी माणसं उधळतात. स्टिअरिंगवर गुंडू. बाहेर अख्खी हेरंबवाडी.

"सोडा गाडी!"

त्याआधी

चंदगडच्या डोंगरातलं हेरंबवाडीचं आरोग्य केंद्र. तिथली औषधं अनुजाच्या ताब्यात. फ्रिजमध्ये सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या वीस बाटल्या. वरून नवा आदेश आला: बाटल्या मुदत संपून वाया जातात, म्हणून यापुढे त्या फक्त मोठ्या रुग्णालयात राहतील. अपवाद एकच. जिथून रुग्णालय साठ मिनिटांपेक्षा लांब आहे, त्या केंद्रानं बाटल्या ठेवाव्यात. हेरंबवाडीनं सोमवारपर्यंत जमा कराव्यात.

कारण मोबाइलच्या नकाशात हेरंबवाडी ते रुग्णालय छत्तीस किलोमीटर. एकेचाळीस मिनिटं.

ग्रामसभेत, जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातून हा आदेश घेऊन आलेल्या इंगवले साहेबांनी तो नकाशा सगळ्यांना दाखवला. पहिल्या रांगेत शालूबाई बसली होती. गेल्या साली याच दिवसांत भात कापताना तिला मण्यार चावली. केंद्रात आणली तेव्हा पापण्या मिटत चाललेल्या, जीभ जड झालेली. दहा मिनिटांत अनुजानं बाटल्या काढल्या, डॉक्टरांनी सलाइनमधून सोडल्या. आज ती शालूबाई उठून म्हणाली, "नकाशाला साप चावतोय व्हय?"

सभा हसली. तेवढ्यात मागून आकाराम ओरडला, "साहेब, तुम्हीच झोपा की स्ट्रेचरवर! लावा घड्याळ! होऊन जाऊ दे शर्यत!"

साहेब मूळचे कागलकडचे. शर्यत म्हटल्यावर त्यांचेही डोळे चमकले. "चला," म्हणाले. "जी वेळ येईल ती मी अहवालात लिहीन."

अनुजाला वाटलं, जिंकलो. दीड तासाच्या आत ही गाडी कधी पोचली होती?

मिनिट आठ

"आणि हेरंबवाडीची गाडी वळणाला लागलीऽऽ! गुंडूचा हात बघा, मंडळी, लोण्यातनं सुरी!"

रस्त्यावर मळणीला पसरलेलं भाताचं पिंजार गायब होतं. एरवी लोक डांबरावर पिंजार टाकतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी करून घेतात. आज सगळं कडेला ओढून बायका हात उंचावून उभ्या. बातमी गाडीच्या पुढं धावत होती. मोबाइलवर, तोंडातोंडी, आणि आकारामच्या भोंग्यातून तर पार पलीकडच्या डोंगराला.

मिनिट एकोणीस

अरुंद वळणावर एसटी आधीच कडेला दाबून उभी. कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतोय, प्रवासी खिडक्यांतून निम्मे बाहेर. पुढं एक टेम्पो आडवा आला.

"काढ! काढ! डावीकडनं काढ!" कोण ओरडलं?

अनुजाच ओरडली होती.

गुंडूनं काढली. साहेब फळीसकट उडाले आणि हसले.

मिनिट एकतीस

उसाचे ट्रॅक्टर ओळीनं बाजूला उभे. ड्रायव्हर बॉनेटवर चढून टोप्या फिरवतायत. "नाद खुळा, गुंडूभावा!"

आता अनुजा भानावर आली. तिनं घड्याळ पाहिलं. मधली काच ठोठावली.

"गुंडूदादा, हळू!"

गुंडूनं आरशातून पाहिलं. तोंड हसरं, कपाळावर घाम, बैलाच्या पाठीवर बसल्यासारखा पुढं वाकलेला. या माणसाला आज हरायचं होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला शर्यत लावून हरायला सांगायचं तरी कसं?

मिनिट शेहेचाळीस

"आऽऽली! आली आली आली! पहिला नंबर हेरंबवाडीऽऽ!"

रुग्णालयाच्या फाटकात गुलाल उडाला. कुणी आणला देव जाणे. गुंडूला खांद्यावर घेतलं.

मिनिट शेहेचाळीस, अजून तेच

साहेबांनी पायाची फळी सोडली. खिशातून अहवालाचा छापील कागद काढला. त्यात एकच चौकोन होता: लागलेला वेळ, मिनिटांत.

"शेहेचाळीस," ते म्हणाले. "साठच्या आत. मॅडम, मी काय करू?"

आकारामच्या हातातला माइक खाली आला. खांद्यावरचा गुंडू आपोआप खाली उतरला. गुलालानं माखलेलं त्याचं तोंड एकदम लहान दिसायला लागलं.

"ताई," तो म्हणाला, "चुकलं की ओ माझं."

अनुजाला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोकं भराभर पळत होतं. पिंजार, एसटी, ट्रॅक्टर. सगळं कडेला उभं होतं. किती वेळ उभं राहील?

"साहेब, तुमची जीप कुठं आहे?"

"हेरंबवाडीत."

"मग परत जायचंच आहे. आत्ता, लगेच. सायरन चालू, माइक बंद, कुणालाही फोन नाही. आणि तुम्ही पुढं बसा. गुंडूदादा मुद्दाम रेंगाळतो का, तुम्हीच बघा."

साहेबांनी पेन टोपणात घातलं. "आणि पेशंट?"

सगळ्यांनी आकारामकडे पाहिलं.

मिनिट शून्य, दुसऱ्यांदा

आकाराम स्ट्रेचरवर, पाय फळीला. "मला बोलायबी न्हाय?"

"मण्यार चावलेला माणूस कुठं बोलतो?" अनुजा म्हणाली.

मिनिट चोवीस

ट्रॅक्टर. खोळंबलेले सगळे एकदम सुटले होते. एकेकामागं दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर झुकलेला. त्यातल्या एकाचं चाक भर रस्त्यात पंक्चर. मागं सायरन कोकलतोय. मघाचाच टोपीवाला उतरून आला, "आता काय, शर्यत झाली न्हवं?"

मिनिट एकोणपन्नास

अरुंद वळण. इकडून एसटी, तिकडून चिऱ्यांचा ट्रक, मागं घ्यायला दोघेही तयार नाहीत. साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"मागं घे! पेशंट हाय आत! ए, कळतंय का, पेशंट हाय!"

सरकारी मराठी कुठल्या कुठं गेली होती. अनुजानं काचेतून पाहिलं, त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

मिनिट साठ

"साठ," अनुजा म्हणाली.

अजून पंधरा किलोमीटर.

स्ट्रेचरवरून आकाराम हळूच म्हणाला, "साहेब, पापण्या पडायला लागल्या."

कुणी हसलं नाही. साहेबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. थट्टा होती हे त्यांनाही कळत होतं.

मिनिट एक्क्याऐंशी

पिंजार. गुडघाभर, शंभर पावलं, पुन्हा पसरलेलं. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. साहेबांनी दार उघडून खाली उडी मारली आणि ते दोन्ही हातांनी पिंजार ओढायला लागले. त्यांच्या मागं अनुजा. सकाळी हात उंचावणाऱ्या बायका धावत आल्या. "अगंबाई, परत आला व्हय? सांगायचं तरी!"

"साप," धापा टाकत साहेब म्हणाले, "सांगून येतो का?"

मिनिट सत्त्याण्णव

हेरंबवाडी. गाव अजून पारावर बसलेलं. शालूबाईनं विचारलं, "काय झालं?"

साहेबांच्या केसांत पिंजार होतं. रुग्णवाहिकेच्या बॉनेटवर त्यांनी अहवालाचा कागद ठेवला आणि त्या एकाच चौकोनात लिहिलं: ९७. खाली आणखी एक ओळ: बाटल्या हेरंबवाडी केंद्रातच राहाव्यात. सही केली.

पारावरून अशी आरोळी उठली की केंद्राच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. अनुजा धावत आत गेली, फ्रिज उघडला. वीसच्या वीस जागेवर होत्या, असायच्याच. तरी तिनं पुन्हा पाहिलं.

बाहेर आकाराम फळीसकट लंगडी घालत माइककडे निघाला होता. गुंडू तेवढा बॉनेटपाशी घुटमळत होता.

"साहेब."

"काय रे?"

"माझं शेहेचाळीस... ते पण कुठंतरी लिवा की. बारीक का हुईना."

साहेबांनी त्याच्या गुलालाच्या तोंडाकडे पाहिलं. पेन उघडलं आणि कागदाच्या कडेला, चौकोनाच्या बाहेर, बारीक अक्षरात लिहिलं: रस्ता मोकळा, गाव उभं, चालक गुंडू, ४६.