मशीनमधलं बिऱ्हाड

एकोणनव्वद साली सीताबर्डीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कम्प्युटर आला आणि मी, प्रेमिला टायपिस्ट, कामातून गेले. कम्प्युटरमुळे नव्हे, तो बसवायला आलेल्या धनराजमुळे. इकडे आईनं काटोलचं स्थळ आणून ठेवलेलं, रविवारी पाहुणे येणार, आणि हा शहाणा माझ्याशी बोलायचा ते फक्त फ्लॉपीबद्दल!

"हा पत्राचा प्रोग्राम विचारून राहिला, मी कुठं राहू?" तो म्हणाला. "अन् तुमचं नाव, अक्षराचा रंग, सवयी कुठं ठेवू? त्याच्याच खोलीत, म्हणजे डिरेक्टरीत, का वेगळ्या?"

"ठेवा त्याच्याचजवळ," मी म्हटलं. एका खोलीत बिऱ्हाड करायचं आम्हाला काय नवल!

जाताना त्याला आठवलं. "तपासायले माझं नाव घातलं होतं. काढू का?"

त्याचा चहा निवत होता. "राहू द्या हो," मी म्हटलं. म्हणजे, कशाला त्रास, चहा घ्या आधी. त्यानं ऐकलं, नाव राहू द्या. कान लालबुंद झाले त्याचे. मला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर पडद्यावर गुलाबी अक्षरांत 'वेलकम धनराज'. आमच्या कॅशियर कुसुमताई खुर्चीतून पडता पडता राहिल्या. "काहून वं प्रेमिला, याले कवा आणून बसवलं?" दिवसभर तेच. मला राग यायला हवा होता. मी मात्र मशीन उगाच बंद करून पुन्हा सुरू करत होते.

शनिवारी मालक गोपाळरावांनी धनराजला बोलावून घेतलं. "माह्या ऑफिसात तुह्या नावाची पाटी काहून गा? काढ ते!"

"मॅडमच म्हणाल्या होत्या, राहू द्या म्हणून," तो पुटपुटला. पुसायचा हुकूम टाइप करून झाला होता, बोट बटणावर होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काढू?"

मला एकदम उमगलं, त्यानं त्या दिवशी काय ऐकलं होतं ते.

"नका काढू!" मी चांगलं मोठ्यानं म्हटलं.

तो दचकला आणि बटण दाबलं गेलं. नाव तर गेलंच, अख्खी खोली पुसली गेली. प्रोग्राम आणि आम्ही सगळे एकत्रच राहत होतो ना! गोपाळराव कपाळाला हात लावून बसले.

"सारं पहिलेपासून घालावं लागते," धनराज घाम पुसत म्हणाला. "उद्या येतो."

"उद्या रविवार. ऑफिस बंद," मी म्हटलं. "घरी या. आईले भेटा. मले पाहायले काटोलवाले यायच्या आधी."

"किती वाजता येतात ते?" त्यानं विचारलं.