उपाशी अंकिताची साखर

ग्लुकोमीटरवर ४१२.

पिकलेल्या फळांचा वास. घरात फळ एकही नाही.

इन्सुलिन ठेवलेला फ्रीज, कुणी उघडू नये म्हणून झेंडूची माळ घातलेला.

भेगाळलेली जीभ.

"बोला, आईमाऊलीचा उदो!"

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत भागोजीच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चटईवर त्याची चौदा वर्षांची अंकिता निजलेली. गोमाजी महाराज तिच्या बोटाचं रक्त मशीनला लावून ओरडत होता, "दोन दिस पोटात अन्नाचा कण नाय! काल तीनशे, आज चारशे बारा! साखर वाढवतंय कोण? देवी भरवतेय! श्वासाला परसादाचा वास हाय, हुंगा! इन्सुलिन बंद म्हंजे बंद. फुल गॅरंटी!"

अंगात देवी यायच्या आधी हा इसम मुंबईत जुने टायर विकायचा. गॅरंटी तेव्हाही फुल असायची.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माधुरीबाई गैरहजर मुलीची चौकशी करायला आल्या होत्या. तो वास नाकात गेला तशा त्या गर्दीतून वाट काढत चटईपाशी आल्या. पोर धापा टाकत होती.

"भागोजी, गाडी काढा. महाडला. आत्ता!"

"बाई, शाळा सुटली ना?" कुणीतरी खिदळलं.

बाईंनी नवी सुई घेऊन स्वतःचं बोट टोचलं. "माझा सोमवार आहे. सकाळपासून पाण्यावर. बघा, ब्याण्णव. मला कुठली देवी भरवतेय, महाराज?"

"तुमची भक्ती कमी."

"मग देवी भरवत नाही तर माझी साखर शून्यावर हवी होती!"

महाराज गळ्यातली माळ चाचपू लागला. बाई अंकिताच्या आईकडे वळल्या.

"ठकूबाई, स्वादुपिंडात अल्फा पेशी असतात. माणूस उपाशी राहिला की त्या ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक सोडतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. पुरे झालं की इन्सुलिन त्यांना आवरतं. हिच्या अंगात इन्सुलिन बनत नाही आणि बाहेरचं तुम्ही बंद केलंत. आता त्यांना आवरणार कोण? यकृत ओततंच आहे. चरबी जळून रक्तात आम्ल साचलंय, त्याचा हा वास. परसाद नाही, विष आहे!"

"माझी पोर!" ठकूबाईने महाराजाला ढकललं. "सर रे, मेल्या!"

भागोजीने गाडी काढली. चौथ्या दिवशी महाडच्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागात अंकिताने भाकरी मागितली. महाराजावर गुन्हा नोंदला गेला. वाडीतल्या दोघांनी तरीही त्याच्यासाठी वकील शोधला.

मशीन आकडा सांगतं, कारण सांगत नाही. कारण विचारा, आणि ते डॉक्टरला विचारा. डॉक्टरला न विचारता कुणाचंही इन्सुलिन बंद करू नका, सांगणाऱ्याच्या अंगात कुणीही येत असो.

इन्सुलिन बंद केलं त्याच्या आदल्या दिवशी अंकिता शाळेच्या मैदानावर खो-खो खेळली होती.