संजीवनीताईंचा भोंगा

मित्रांनो, शहाडला संजीवनीताईंच्या घरी दाराआड खुंटीला टांगलेला जो जुना भोंगा तुम्हाला दिसतो, तो मी. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. कडेला पोचा आला आहे आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी बोलत नाही. पण एके काळी माझा आवाज अख्ख्या उल्हासनगरला ठाऊक होता.

माझा जन्म इथलाच, कॅम्प नंबर तीन नावाच्या वस्तीतल्या एका गाळ्यातला. पोटावर मात्र परदेशी कंपनीचे स्टिकर लावून मला दुकानात ठेवले होते. संजीवनीताईंनी ते स्टिकर नखाने खरवडून काढले आणि म्हणाल्या, "आपल्या गावचा आहेस ना? मग लाजायचं कशाला?"

ताईंचे वडील शहाडच्या कारखान्यात कामगार होते. गेटवरच्या सभांमध्ये त्यांच्या खांद्यावर बसून ताई भाषणे ऐकायच्या. पुढे त्या नगरसेविका झाल्या आणि मग महापालिकेत विरोधी पक्षनेत्या. विरोधी पक्षनेत्याचे काम काय असते, ते मी त्यांच्या हातात राहून शिकलो. ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांना विचारत राहायचे. नळाला पाणी का नाही? नाल्याला हा वास कसला? शाळेचे छप्पर कधी होणार? महापालिकेच्या दारात उभ्या राहून ताई विचारत आणि मी ते शंभर पट मोठे करून वरच्या मजल्यापर्यंत पोचवत असे. सत्ताधारी पक्षाचे नेते श्यामकांतसाहेब खिडकी लावून घेत. नंतर जिन्यात भेटले की हसत म्हणत, "ताई, तुमच्या भोंग्यापायी माझी दुपारची झोप गेली." मला त्या बोलण्याचा फार अभिमान वाटे.

मग एके दिवशी सीमेवर लढाई पेटली.

टीव्हीवर दिवसभर स्फोटांची दृश्ये दिसू लागली. माणसे पेट्रोल आणि पीठ भरून ठेवू लागली. महापालिकेत सर्व पक्षांची बैठक झाली. तिथेही मी ताईंच्या मांडीवर होतो.

श्यामकांतसाहेब म्हणाले, "ताई, आता मोर्चा-बिर्चा नको. देशावर संकट आहे."

"मोर्चे बंद, साहेब," ताई म्हणाल्या. "प्रश्न बंद नाहीत. संध्याकाळी दिवे घालवायचा सराव आहे. सायरन सगळ्या गल्ल्यांत ऐकू जाईल ना?"

 साहेब हळूच म्हणाले, "सांगता येत नाही."

"मग आमचा भोंगा आहे की. द्या एक रिक्षा."

त्या संध्याकाळी रिक्षात उभ्या राहून ताई गल्लोगल्ली फिरल्या. "दिवे बंद करा, घाबरू नका, म्हाताऱ्या माणसांपाशी थांबा," असे मी सांगत होतो. एकेक खिडकी काळोखी होत गेली. ज्या साहेबांच्या विरुद्ध मी आयुष्यभर ओरडलो, त्यांच्याच कामाला त्या दिवशी माझा आवाज आला. मला वाटले, याहून मोठे काम आपल्या हातून होणार नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र जे घडले, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

ताई एका जवानाच्या आईला भेटायला गेल्या होत्या. मी पक्षाच्या कार्यालयात टेबलावर होतो. आमच्याच पक्षाचा तरुण नगरसेवक विनीत आला. जवानांसाठी फेरी काढायची म्हणून त्याने मला उचलले. बाहेर शंभरभर पोरे झेंडे घेऊन उभी होती. "भारतमाता की जय!" मी अगदी पोटातून ओरडलो. बायका गॅलरीत येऊन टाळ्या वाजवत होत्या. मला भरून आले.

फेरी बाजारात वळली आणि एका दुकानापुढे थांबली. ते टेकचंदशेठचे लोणच्याचे दुकान होते. शेठ आता ऐंशी पार केलेले. वर जुनी पाटी होती, 'शिकारपूर लोणचे भांडार'.

विनीतने मला तोंडाशी धरले. "शेठ, बाहर आओ! हे शिकारपूर कुठाय, माहितीय? पाकिस्तानात! पाटी उतरवा, नाहीतर आम्ही उतरवतो!"

मित्रांनो, तो आवाज माझा होता. क्षणभर मला कळेचना की हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडत आहेत.

टेकचंदशेठ हात जोडून बाहेर आले. "बेटा, ते माझ्या गावचं नाव आहे. फाळणीत तिथून हाकललं आम्हाला. मी आईच्या कडेवर होतो. घर गेलं, सगळं गेलं. एक नामच तर आणलं सोबत."

"नाटक नको!" मागून कोणीतरी ओरडले. एक दगड आला. काचेची बरणी फुटली आणि लोणच्याचे तेल पायरीवर ओघळले. मागे सरकताना शेठचा पाय घसरला. त्यांचे कपाळ उंबऱ्यावर आपटले आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्त उतरले. तरीही त्यांचे हात जोडलेलेच होते.

तेवढ्यात ताईंची रिक्षा आली. पोरांनी आनंदाने वाट दिली. त्यांना वाटले, ताई आता पुढे होतील. ताईंनी आधी पदर शेठच्या कपाळावर दाबून धरला, मग हात लांब करून मला विनीतकडून ओढून घेतले. त्या ओढाओढीत मी पायरीवर आपटलो. हा पोचा तेव्हाचा. ताईंनी मला उचलून तोंडाशी धरले.

"विनीत, काय चाललंय हे?"

"ताई, टीव्हीवर आपल्याला रोज देशद्रोही म्हणतायत," विनीत म्हणाला. "आपण विरोधी पक्षातले ना! आज दाखवून द्यायचं, आपणपण कमी नाही."

"कुणाला दाखवतोस? या म्हाताऱ्याला?" ताईंचा आवाज माझ्यातून फाटून बाहेर पडत होता. "आपण सरकारच्या विरोधात बसतो रे. शेजाऱ्याच्या विरोधात बसायला कुणी निवडून दिलं आपल्याला? जवान तिकडे कुणासाठी उभा आहे? यांच्यासाठीच ना?"

 मग मागून एक शब्द आला. "गद्दार!"

दुसऱ्याने तो उचलला, मग तिसऱ्याने. ज्या पोरांना ताईंनी फॉर्म भरून दिले, दवाखान्यात नेले, तीच पोरे ओरडत होती.  पण ताई हलल्या नाहीत. शेठच्या शेजारी, तेलकट पायरीवर, पोलीस येईपर्यंत बसून राहिल्या. पोलिसांनी विचारले तेव्हा त्यांनी आपल्याच पक्षाच्या नगरसेवकाचे नाव सांगितले.

रात्री श्यामकांतसाहेबांचा फोन आला. "ताई, फार बरं केलंत."

"मग उद्या जाहीर सांगा ना, साहेब. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील."

"ते... ते जमायचं नाही. वातावरण बघताय ना." फोन बंद झाला. 

काही दिवसांनी सीमेवरचा गोळीबार थांबला. बाजारात पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात पक्षाच्या वरिष्ठांनी ताईंचे पद काढून घेतले आणि विरोधी पक्षनेता म्हणून विनीतला बसवले. मला न्यायला तो स्वतः घरी आला.

"पक्षाचा भोंगा द्या, ताई."

"भोंगा माझ्या पैशाचा आहे. तू नवीन घे," ताई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "आणि घेशील तेव्हा पाण्याचं विचार रे. कॅम्प पाचमध्ये अजून येत नाही."

तो मान खाली घालून गेला. सभागृहात त्याने पाण्याचे काही विचारले नाही. मग ताईंनीच शेवटच्या बाकावरून उभे राहून विचारले. पद गेले, तरी प्रश्न त्यांनी सोडले नाहीत.

एकदा ताई लोणचे आणायला गेल्या. पिशवीत मीही होतो, दुरुस्तीला निघालेला. दुकानाशी येताच ताईंची पावले थांबली. वर नवीकोरी पाटी होती, 'न्यू भारत लोणचे भांडार'.

"शेठ, हे काय? कुणी सांगितलं?"

"कोणी नाही, ताई. पोरं भितात घरी." शेठ हसू पाहत होते. "लोणचं तेच आहे. खाऊन बघा."

ताई त्याच पायरीवर, शेठच्या शेजारी, जाऊन बसल्या. 

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंचे सेल वेळेवर काढा, आम्हाला पावसापासून जपा, हे तर खरेच. पण माझे मागणे वेगळे आहे. कधी भोंगा हातात आला, तर बटण दाबण्याआधी समोर कोण आहे ते पाहा. समोर सत्तेची खुर्ची असेल तर खुशाल ओरडा, माझा घसा फाटला तरी चालेल. पण समोर कोणी हात जोडून उभे असेल, तर मला खाली ठेवा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.